कर्नाळ्यात तीन तास फिरलो, पक्षी मात्र दिसले नाहीत: काय चुकलं?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत सांगते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. जानेवारीतल्या एका रविवारी घरचे आणि सोसायटीतले मिळून ११ जण तुम्ही खारघरहून कर्नाळा पक्षी अभयारण्यात गेलात. सोबत ८ वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणारे सासरे. साडेदहाच्या सुमारास आत शिरलात, किल्ल्याच्या वाटेला लागलात, अर्ध्यावर सासऱ्यांना झेपेना म्हणून परत फिरलात. तीन तासांत बुलबुल, कावळे आणि पिंजऱ्यातले मोर एवढंच दिसलं. खाऊची पिशवी माकडाने ओढून नेली ती वेगळीच. घरी येताना मुलगी म्हणाली, “आई, इथे पक्षी नाहीतच.” आता तुम्ही विचारताय की घरच्यांना घेऊन अशी छोटी जंगलवाट चालायची तर कशी, कर्नाळ्याला पुन्हा जाण्यात अर्थ आहे का, आणि त्याआधी दुर्बीण घ्यावी का.

अर्थ आहे, अगदी नक्की आहे. मी गेली २२ वर्षं कर्नाळा, फणसाड आणि आसपासच्या रानांत लहानमोठ्या गटांना घेऊन जाते. तुमच्या मुलीचं वाक्य मी कितीतरी मुलांच्या तोंडून ऐकलंय, आणि त्यातली बरीच मुलं दुसऱ्या खेपेला घरी जायला तयार नव्हती. दुसऱ्या खेपेला जंगल तेच होतं. चालण्याची रीत तेवढी बदलली होती.

कर्नाळा केवढं आहे ते आधी लक्षात घ्या. १९६८ साली हे अभयारण्य झालं, आणि आज त्याचं क्षेत्र आहे १२.११ चौरस किलोमीटर. राज्यातल्या मोठ्या अभयारण्यांपुढे हा एक तुकडाच. त्यातून मुंबई-गोवा महामार्ग आरपार जातो. पण या तुकड्यात दीडशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. म्हणजे पक्षी तिथे होते. तुम्ही ज्या वाटेने गेलात त्या वाटेच्या पाच-दहा मीटर आत होते.

मग दिसले का नाहीत? माझं पहिलं उत्तर ऐकून नवल वाटेल: तुम्ही फार चाललात.

हे जरा सविस्तर सांगते, कारण बाकीचं सगळं यावरच उभं आहे. आपल्याला वाटतं की जंगलात पक्षी सगळीकडे सारखे विखुरलेले असतात, तेव्हा जितकं जास्त चालू तितके जास्त दिसतील. माळरानावर किंवा खाडीकाठी हे बऱ्याच अंशी खरं आहे. दाट झाडीत तसं नसतं. हिवाळ्यात इथले किडे खाणारे छोटे पक्षी एकत्र टोळी करून फिरतात. एकाच टोळीत निळा माशीमार, सुभग, निखार, वल्गुली, शिलींध्री, एखादा सुतार, नाचण, आणि बहुतेक वेळा एक-दोन भृंगराज. कुणी शेंड्यावर, कुणी मधल्या फांद्यांवर, कुणी बुंध्यावर. एकाच्या हालचालीने उडालेला किडा दुसऱ्याच्या चोचीत जातो, आणि इतक्या डोळ्यांमुळे शिकरा आला तर कुणाच्या तरी आधी लक्षात येतंच. भृंगराज तर पहारेकऱ्यासारखा असतो. शिकारी पक्षी दिसला की ओरडून सगळ्यांना सावध करतो, आणि दुसऱ्या पक्ष्यांचे आवाजही हुबेहूब काढतो.

ही टोळी सतत पुढे सरकत असते. ती जिथे असते तिथे दहा मिनिटांत बारा जाती दिसतात, आणि ती गेली की तोच भाग अर्धा अर्धा तास सुनासुना वाटतो. आता तुम्ही सरळ चालत राहिलात तर तुमची आणि टोळीची गाठ पडणं हा निव्वळ योगायोग. त्यात ११ माणसांच्या पावलांचा आणि गप्पांचा आवाज तुमच्या पुढे धावतो. टोळी वाटेपासून थोडी आत सरकते आणि तुम्ही पुढे गेलात की परत येते. हे मी स्वतः पाहिलंय. गट पुढे पाठवून मी मागे एकटी थांबले आहे, आणि गटाचा आवाज विरल्यावर सहा-सात मिनिटांत त्याच फांद्यांवर शामा येऊन बसलाय. गटातल्या लोकांना तो दिसला नव्हता, आणि ते त्याच्याखालूनच गेले होते.

म्हणून माझ्या गटांचा नियम साधा आहे: पन्नास पावलं चालायचं, पाच मिनिटं थांबायचं. थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. पाठीवरची पिशवी काढायची नाही, पाणी प्यायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. पहिली दोन मिनिटं काहीच घडत नाही आणि तीच सगळ्यांना जड जातात. तिसऱ्या मिनिटाला एखादी सापसुरळी बाहेर येते. चौथ्या मिनिटाला मागे कुठेतरी बारीक चिवचिव सुरू होते. मला हे कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. सुरुवातीच्या काळात एका ठाकर आजोबांबरोबर फिरायचे. ते चालायचे कमी आणि उकिडवे बसायचे जास्त. तेव्हा मला वाटायचं वयामुळे दमत असतील. पुढे कळलं की ते दमत नव्हते, ऐकत होते.

या हिशेबाने दोन तासांत जेमतेम एक किलोमीटर होतो. एवढा पुरे. किल्ल्याचा नाद तुम्ही या खेपेला सोडा.

थांबायचं कुठे हेही सांगते. वाट जिथे ओहोळ ओलांडते ती जागा उत्तम, ओहोळ कोरडा असला तरी. तिथे झाडी थोडी उघडते, प्रकाश पडतो, खाली पाला साचलेला असतो. दुसरी जागा फळलेल्या उंबराखाली किंवा वडाखाली. अशा झाडाखाली वर बघण्याआधी खाली बघा. ताजी, अर्धवट खाल्लेली फळं पडली असतील, किंवा तुम्ही उभे असतानाच टप्‌ टप्‌ पडत असतील, तर वर कुणीतरी जेवतंय. हरियाल हा आपला राज्यपक्षी. पोपटी-पिवळा आणि पानांत इतका बेमालूम मिसळलेला की पंधरा-वीस पक्षी एका झाडावर असून माणसं खालून निघून जातात. तो हलत नाही, आवाजही फारसा करत नाही, फळं तेवढी गळतात. तांबट मात्र आधी ऐकू येतो आणि मग दिसतो.

तिसरी गोष्ट कानांची, आणि ही मला फार जवळची आहे. जंगलात डोळ्यांना जेमतेम वीस मीटर मिळतात, कानांना शंभर. त्यातही सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे पाचोळा. जानेवारी ते मेमध्ये कर्नाळ्याच्या जमिनीवर साग, ऐन, किंजळ यांचा वाळका पाला घोटाभर साचतो. सागाचं वाळलेलं पान पापडासारखं कडक असतं, त्यावर मुंगळा चालला तरी ऐकू येतं. मुलीला घेऊन एका ठिकाणी पाच मिनिटं डोळे मिटून बसा आणि फक्त पाल्याचे आवाज ऐका.

सुर्र करून जोरात, मग एकदम गप्प, मग पुन्हा सुर्र, ही सापसुरळी. ती तुकड्या तुकड्याने पळते. टुपुक टुपुक उड्या, मग थांबणं, मग पान उलटल्याचा फट्‌ असा आवाज, हा नारिंगी डोक्याचा कस्तूर. तो चोचीने पान धरतो आणि बाजूला भिरकावतो. खालचा किडा टिपतो, दोन उड्या मारतो, पुढचं पान. एकदा आवाजाच्या मागावर डोळे नेले की त्याचं डोकं दिसतं, पिकलेल्या संत्र्याच्या रंगाचं, आणि गालांवर दोन उभ्या काळपट पट्ट्या. सगळं अंग पाल्यात आणि तेवढं डोकं वर. ठिपक्यांचा सातभाई उड्या न मारता उंदरासारखा चालतो, म्हणून त्याचा आवाज सलग पण अगदी हलका येतो. आणि न थांबता, न तुटता, लांबलचक सळसळ सरकत गेली तर तो बहुतेक साप. तो तुमच्यापासून लांबच चाललेला असतो, आपण जागीच उभं राहायचं. माझ्या एका गटातल्या ९ वर्षांच्या मुलाने हे चार आवाज एका सकाळीत ओळखायला शिकले. दुपारी तो मोठ्यांना गप्प बसवून सांगत होता, हा कस्तूर आहे, बघा, आता पान उलटेल. आणि उलटलं.

महामार्गाच्या अगदी जवळ हे जमत नाही. ट्रकांचा घरघराट बारीक आवाज गिळून टाकतो. म्हणून वाटेवर थोडं आत जाऊन, गाड्यांचा आवाज मागे पडल्यावर थांबायला सुरुवात करा. अभयारण्यात हरियाल आणि मोरटाका अशा दोन निसर्गवाटा आहेत. त्या दिवशी कुठली खुली आहे, कुठली सासऱ्यांना सोपी पडेल, हे फाटकावरच्या वनरक्षकांना विचारा. वाटांची अवस्था दर पावसाळ्यानंतर बदलते, तेव्हा मी इथून सांगण्यापेक्षा त्या आठवड्यात तिथे फिरलेला माणूस सांगेल ते बरोबर.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते. सगळ्यात मोठी गोष्ट वेळ. साडेदहा म्हणजे जंगलाच्या दृष्टीने जेवण उरकून लोक आडवे होण्याची वेळ. सकाळच्या गारव्यात किडे जडशीळ असतात, कोवळं ऊन शेंड्यांवर पडतं तसे ते तिथे हलू लागतात, आणि पक्षी त्यांच्यामागे असतात. नऊ-साडेनऊपर्यंत हा बाजार भरलेला असतो, मग ओसरतो. तुम्ही खारघरला राहता, कर्नाळा पनवेलच्या पुढे १२ किलोमीटर. फाटक उघडतं त्या पहिल्या अर्ध्या तासात आत जाणं तुम्हाला सहज शक्य आहे. मुलीला इतक्या लवकर उठवणं जिवावर येतं हे मी आई म्हणून जाणते. पण बाकी काहीही बदललं नाही आणि नुसती ही एक गोष्ट बदलली, तरी निम्मा फरक पडेल. आणि रविवार टाळता आला तर टाळा.

दुसरी गोष्ट ऋतू. हिवाळ्यात पाहुणे पक्षी आणि त्या टोळ्या. फेब्रुवारी-मार्च मला घरच्यांसाठी सगळ्यात आवडतो, कारण झाडं पानं गाळतात आणि पांगारा, काटेसावर, पळस फुलतात. निष्पर्ण झाडावर लाल फुलं, आणि त्या फुलांवर कोतवाल, मैना, सूर्यपक्षी, पर्णपक्षी, पोपट यांची रीघ. तिथे शोधावं लागत नाही. फुललेल्या एका काटेसावरीखाली सासऱ्यांना बसवलं तरी तासाभरात दहा जाती त्यांच्यासमोर येतील. एप्रिल-मेमध्ये उकाडा सोसणार असेल तर पाणी असलेल्या जागा बघा. जूनपासूनचा काळ वेगळाच. नवरंग आणि तिबोटी खंड्या हे दोघे पावसाबरोबर कोकणात वीण करायला येतात. पहाटे ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर एखादं पोरगं उगाच शीळ घालत चाललंय अशी शीळ घालतो. एकदा ऐकली की विसरत नाही. पण पावसात वाटा निसरड्या होतात, ओहोळ तासाभरात चढतो. गुडघेदुखीच्या माणसाला घेऊन मी जुलै-ऑगस्टमध्ये जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका.

तिबोटी खंड्याबद्दल दोन शब्द जास्त, कारण त्याच्यासाठी माझा जीव तुटतो. चिमणीपेक्षाही लहान, पिवळा, जांभळा, निळा, नारिंगी, पोळीच्या तव्यावरून उडालेल्या ठिणगीसारखा. ओढ्याच्या कडेच्या मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो आणि पिल्लांना चिंबोऱ्या, सरडे, बेडूक आणून भरवतो. रायगडचा जिल्हापक्षीही तोच आहे. त्याचे फोटो मिळावेत म्हणून माणसं बिळाच्या समोर ताटकळत बसतात. तोंडात सरडा धरलेला पक्षी समोरच्या फांदीवर बसून राहतो, बिळाकडे जात नाही, कारण जागा दाखवायची नसते. तेवढा वेळ आत पिल्लं उपाशी. असं बीळ दिसलं तर एक नजर टाका आणि चालू लागा. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही तसंच. विणीच्या दिवसांत तो नर दुसरा कुणी आपल्या हद्दीत घुसला समजून सगळं सोडून धावत येतो. तुम्हाला फोटो मिळतो, त्याची सकाळ फुकट जाते. मुलीला हे सांगाल तर तिला पटेल. मुलांना हे मोठ्यांपेक्षा लवकर पटतं.

तिसरी गोष्ट माणसं. ११ जण एका वाटेवर म्हणजे फार झाले. जायचं सगळ्यांनी मिळूनच असेल तर चार-चारच्या तुकड्या करा आणि दोन तुकड्यांत वीस मिनिटांचं अंतर ठेवा. कपडे मळखाऊ रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. पूर्ण बाह्या यासाठीही की हिवाळ्यात खाजकुइलीच्या शेंगा पिकतात. तपकिरी, मखमली, हात लावावासा वाटेल अशी शेंग, आणि तिची लव अंगाला लागली की आग आग होते. मुलीला ती लांबून दाखवून ठेवा. लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून लव उचलून काढा, मग धुवा. मी म्हणूनच चिकटपट्टीचं एक लहान रीळ नेहमी खिशात ठेवते.

आता सासरे. तुम्ही लिहिलंय की त्यांना अर्ध्यावरून परतावं लागलं आणि ते दिवसभर गप्प होते. मला हे वाचून फार वाईट वाटलं. आमच्या आईंना मी असंच एकदा उत्साहाने चढवलं होतं. परत येताना त्या म्हणाल्या, माझ्यामुळे तुमची सहल बिघडली. तेव्हापासून मी ज्येष्ठांबरोबर चढाची वाट धरत नाही. किल्ल्याची वाट म्हणजे चांगला घाम काढणारा चढ, आणि उतरताना गुडघ्यांवर त्याहून जास्त भार. त्यांच्यासाठी खालची सपाट वाट, हातात काठी, आणि घडीचं हलकं स्टूल. पन्नास पावलं आणि पाच मिनिटांचा नियम खरं तर त्यांच्याच चालीचा आहे. माझ्या गटांत सगळ्यात जास्त पक्षी पाहणारी माणसं बहुतेक साठीच्या पुढची असतात, कारण त्यांना बसून राहता येतं.

आणि किल्ला दाखवायचाच असेल तर खालून दाखवा. तो अंगठ्यासारखा सुळका महामार्गावरूनही दिसतो. १६६५च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मुघलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता, आणि १६७०मध्ये तो परत घेतला. पायथ्याजवळचं शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते. ही गोष्ट नातीला आजोबांनीच सांगू द्या, सुळका समोर ठेवून, स्टुलावर बसून.

सुळक्यावरून आठवलं, पुढे कधी वर गेलात तर एक गोष्ट काळजाशी बांधून ठेवा. त्या कातळाला आग्या मोहोळाची पोळी लटकलेली असतात. तिथे धूर नको, सिगारेट नको, उग्र वासाचं अत्तर नको, आरडाओरडा नको, दगड तर चुकूनही नको. माझ्यासमोर एकदा दुसऱ्या एका गटातल्या मुलांनी सुळक्याखाली कागद पेटवला होता. पहिली माशी दिसल्यापासून हवा काळी व्हायला मिनिटसुद्धा लागलं नाही. आम्ही ओढण्या, शर्ट डोक्यावर घेतले आणि वाटेने खाली सुटलो. मला सात डंख, माझ्यासोबतच्या एका मुलीला वीसच्या वर. तिला खाली आणून थेट दवाखान्यात न्यावं लागलं. माश्या मागे लागल्या तर हात झटकायचे नाहीत, तोंड-नाक झाकून जितक्या लवकर जमेल तितकं लांब जायचं, पण चढावर पाय सांभाळून. काटा अंगात राहिला असेल तर चटकन नखाने खरवडून काढायचा. तो जितका वेळ रुतलेला राहतो तितकं विष आत जात राहतं. डंख खूप असतील, ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही.

माकडांचं सोपं आहे. त्यांना पिशवीचा चुरचुर आवाज म्हणजे खाऊ एवढं पक्कं ठाऊक झालंय, आणि ते आपणच शिकवलंय. हातात काही लोंबकळत ठेवू नका. सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये, खाणं वाटेवर अजिबात नाही. न्याहारी आत शिरण्याआधी उरका. फाटकावर प्लास्टिक मोजून घेतात, त्यासाठी वेळ धरून ठेवा.

आता तुमच्या मुलीसाठी. ८ वर्षांच्या मुलाला दोन तास नुसत्या पक्ष्यांवर धरून ठेवता येत नाही, आणि तसा हट्टही करू नये. छोट्या जंगलाचा मोठा फायदा असा की जे हलत नाही ते पुन्हा सापडतं. तिला झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचं घरटं दाखवा. पानं एकमेकांना चिकटवून केलेला, नारळाएवढा हिरवा गोळा. कडेला नीट पाहिलं तर पांढरा रेशमी पापुद्रा दिसतो. मोठ्या मुंग्यांना रेशीम काढता येत नाही, ते त्यांच्या अळ्यांना येतं. म्हणून काही मुंग्या दोन पानांच्या कडा ओढून धरतात आणि काही मुंग्या तोंडात अळी धरून या कडेवरून त्या कडेवर फिरवतात, आपण डिंकाची बाटली फिरवावी तशी. एका हाताच्या अंतरावरून बघा, फांदीला धक्का देऊ नका, त्या कडकडून चावतात. पावसाळ्यानंतर वाटेवर मोठ्या रानकोळ्याची जाळी असतात, उन्हात सोनेरी दिसणारी. मधोमध हाताच्या पंज्याएवढी मादी बसलेली असते, आणि त्याच जाळ्यात कुठेतरी तिच्या मानाने चिमुकला नर. तो शोधून काढायचं काम मुलीला द्या. मोठ्यांना तो सापडत नाही.

एक छोटी वहीही द्या. नावं लिहायची सक्ती नको. काय दिसलं, कुठल्या उंचीवर दिसलं, ते काय करत होतं, एवढं लिहिलं तरी पुष्कळ. “काळा, शेपटीला दोन दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला पिसं, दुसऱ्याचा आवाज काढतो.” हे एका मुलीने लिहिलेलं भृंगराजाचं वर्णन मी अजून सांभाळून ठेवलंय. नाव तिला पुढच्या वर्षी कळलं.

म्हणजे थोडक्यात, पुढच्या खेपेला फेब्रुवारीच्या शेवटी एखाद्या साध्या वारी, फाटक उघडताना, चौघंच जण, सपाट वाटेने एक किलोमीटर, पन्नास पावलांमागे पाच मिनिटं. याने त्या दिवशी अमुक इतके पक्षी दिसतील अशी हमी मी देणार नाही. कधी वारा असतो, कधी आदल्या दिवशी तिथे गोंगाट झालेला असतो. पण पाचोळा, मुंग्या आणि पांगारा ठरलेल्या जागी भेटतातच.

राहिली दुर्बीण. घ्या, पण मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नका. दुर्बिणीवर ८×४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दाट झाडीत पक्षी जवळ असतो पण अंधारात असतो आणि हलत असतो, म्हणून उजेड पुरेसा देणारी, दृश्याचा पट्टा रुंद असलेली ८×४२ मला १०×५० पेक्षा कितीतरी बरी वाटते. १० पटीची दुर्बीण हातात थरथरते आणि ५०ची वजनाला जड होते. मुलीसाठी ८×३० किंवा ८×३२ हलकी पडेल. तिचे डोळे जवळजवळ आहेत, तेव्हा दोन नळ्या पुरेशा जवळ येतात का हे दुकानात तिच्याच डोळ्यांना लावून बघा, ऑनलाइन मागवू नका.

आणि ती घेतल्यावर थेट जंगलात नेऊ नका. आठवडाभर घरच्या खिडकीतून सराव करू दे. समोरच्या इमारतीच्या टाकीवर घार बसली असेल, तारेवर वेडा राघू असेल. आधी नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याकडे बघायचं, नजर तिथून हलवायची नाही, आणि दुर्बीण नजरेच्या आड आणायची. बहुतेक जण आधी दुर्बीण डोळ्याला लावतात आणि मग त्यातून पक्षी शोधत बसतात, तोवर तो उडालेला असतो. तारेवरचा वेडा राघू चांगला शिक्षक आहे. किडा धरायला उडतो आणि बहुतेक वेळा त्याच जागी परत येऊन बसतो, म्हणजे चुकली तरी पुन्हा संधी मिळते. तो तिला दहातून आठ वेळा सापडू लागला की मग कर्नाळ्याची तारीख ठरवा.